थोडक्या फरकाचे मोठे मोल

पोकर खेळणाऱ्या मंडळींत अलीकडे एक मत बरेच रूढ झाले आहे, आणि ते मांडणारी माणसे उथळ नसल्यामुळे त्याचा सविस्तर परामर्श घेणे अगत्याचे आहे. मत असे की, ज्याने या खेळावरील प्रमाणग्रंथ वाचले आहेत, ज्याला संभाव्यतेचे गणित अवगत आहे, जो संयमाने खेळतो आणि नोकरीधंदा सांभाळून आठवड्यातील एकदोन रात्री टेबलावर बसतो, अशा कुशल हौशी खेळाडूत आणि पोकर हाच ज्याचा चरितार्थ आहे अशा व्यावसायिकात आता म्हणण्यासारखा फरक उरलेला नाही. जो दिसतो तो प्रसिद्धीचा, धाडसाचा आणि दैवाचा. या मताच्या पुष्टीसाठी तीन साक्षी काढल्या जातात. हौशी माणसे जगज्जेतेपद जिंकतात, ही पहिली. आपण व्यावसायिकांबरोबर बसलो, रात्र सरली आणि हरून उठला तो व्यावसायिकच, ही दुसरी. आणि पूर्वी मूठभरांपुरते असलेले ज्ञान आज संगणकाच्या साहाय्याने कोणालाही विकत घेता येते, ही तिसरी. या तिन्ही साक्षी खऱ्या आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो निरुपद्रवीही नाही. कारण याच समजुतीवर विसंबून हुशार माणूस बांधलेली नोकरी सोडण्याच्या आणि साठवलेली पुंजी टेबलावर मांडण्याच्या विचारापर्यंत येऊन पोहोचतो.

वादाची सीमा आधी आखून घेतो. नवख्या, उतावळ्या किंवा मद्याच्या अमलाखाली खेळणाऱ्या माणसावर व्यावसायिकाची आघाडी असते याविषयी कोणाचीच हरकत नाही. प्रश्न कुशल हौशी खेळाडूचा आहे. शिवाय प्रतिपक्षाला एक गोष्ट मी प्रारंभीच मोकळेपणाने देऊन टाकतो: एकेका डावापुरते पाहिले तर ही आघाडी खरोखरच लहान असते. दोन एक्के हाती आलेला अडाणी आणि दोन एक्के हाती आलेला पंडित यांच्या जिंकण्याच्या शक्यतेत पाने वाटताना तिळमात्र अंतर नसते. माझे म्हणणे इतकेच की, लहान असणे आणि नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि या विशिष्ट धंद्यात नफ्यातोट्याची रेषा नेमकी त्या लहान अंतराच्या मधून जाते.

प्रथम अजिंक्यपदाची साक्ष तपासू. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर ही स्पर्धामालिका 1970 साली लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू या जुगारघरात सुरू झाली. तिची दहा हजार डॉलर प्रवेशशुल्काची मुख्य स्पर्धा 2003 साली ख्रिस मनीमेकर नावाच्या, टेनेसी राज्यातील एका हिशेबनिसाने जिंकली. इंटरनेटवरील अल्प शुल्काच्या पात्रता-फेरीतून तो आला, अखेरच्या लढतीत त्याने सॅम फारहा या मुरलेल्या व्यावसायिकाला नमवले आणि 25 लाख डॉलरांचा धनी झाला. त्या दिवसापासून 'त्याला जमले ते मला का जमू नये' हा प्रश्न जगभरच्या हौशींच्या मनात घर करून बसला आहे. परंतु त्या स्पर्धेत 839 खेळाडू उतरले होते, याचा हिशेब कोणी करीत नाही. समजा, त्यांत दर दहांमागे एकच व्यावसायिक होता आणि प्रत्येक व्यावसायिकाची जिंकण्याची शक्यता हौशीच्या नेमकी दुप्पट होती. तर एकंदर शक्यतेचे अकरा भाग केल्यास दोन व्यावसायिकांच्या वाट्याला येतात आणि नऊ हौशींच्या. दुपटीची आघाडी, जी कोणत्याही धंद्यात प्रचंड मानली जाईल, ती असूनही अकरा स्पर्धांतील नऊ किताब हौशींकडेच जाणार! हौशी जिंकतो कारण हौशी पुष्कळ असतात; त्यावरून एकेका हौशीची योग्यता सिद्ध होत नाही.

याच तर्काची दुसरी बाजू अशी की, जेथे खेळाडू थोडे असतात तेथे तीच नावे पुन्हा पुन्हा वर येतात. डॉयल ब्रन्सनने 1976 आणि 1977 अशी लागोपाठ दोन वर्षे मुख्य स्पर्धा जिंकली, स्टू अंगरने 1980 आणि 1981 साली, जॉनी चॅनने 1987 आणि 1988 साली. 1980 साली स्पर्धकांची एकूण संख्या केवळ 73 होती. 2024 साली हीच संख्या दहा हजारांवर गेली. एवढ्या जमावात कोणाची शक्यता सर्वसामान्य खेळाडूच्या पाचपट असली, तरी तिचा अर्थ सुमारे दोन हजारांत एक इतकाच होतो. मग एकच माणूस दोनदा जिंकत नाही याचे नवल ते काय? उलट पन्नास हजार डॉलर शुल्काच्या, मोजक्या कसलेल्या खेळाडूंपुरत्या आणि अनेक प्रकारचे पोकर आळीपाळीने खेळावे लागणाऱ्या स्पर्धेत मायकेल मिझराची याने 2010, 2012, 2018 आणि 2025 अशी चार वेळा बाजी मारली. दैवच सर्वेसर्वा असते तर त्याने एकाच दारी इतके हेलपाटे घातले नसते.

दुसरी साक्ष स्वानुभवाची, आणि ती अधिक मोहक. कारण डोळ्यांनी पाहिलेल्यावर माणसाचा विश्वास आकडेमोडीपेक्षा लवकर बसतो. तेव्हा एका रात्रीत काय दिसू शकते आणि काय दिसूच शकत नाही, हे नीट समजून घेऊ. दोन-पाच डॉलरांच्या नो-लिमिट होल्डमच्या टेबलावर दोन खेळाडू बसले आहेत असे धरा: व्यावसायिकाची दर तासाची सरासरी निव्वळ कमाई 23 डॉलर, कुशल हौशीची 3 डॉलर. अशा टेबलावर एका तासातील प्रत्यक्ष जमाखर्च सरासरीपासून सुमारे अडीचशे डॉलरांनी वरखाली होतो, असे धरणे वाजवी आहे. या गृहीतांवर हिशेब मांडला, तर दहा तासांच्या रात्रीअखेर व्यावसायिक शंभरांतून सुमारे 38 वेळा हरून उठेल आणि हौशी सुमारे 48 वेळा. हे अंतर पाहणाऱ्याच्या दृष्टीला पडणे अशक्य आहे. दोघेही कधी हसत, कधी हात हलवत घरी जाताना दिसतील. शंभर तासांनंतर व्यावसायिकाचा तोट्यात असण्याचा संभव सुमारे अठरा टक्क्यांवर येतो, हौशीचा अद्याप पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो. आणि हजार तासांनंतर? व्यावसायिक तोट्यात असण्याचा संभव पाचशेत एकाहूनही कमी होतो. हौशींपैकी मात्र तिघांतील एक, इतका काळ योग्य रीतीने खेळूनसुद्धा, पदरचे घालवून बसलेला असतो. आठवड्यातून एक रात्र, तीही पाचसहा तासांची, खेळणाऱ्याला हे हजार तास भरायला तीन वर्षांहून अधिक लागतात. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळायला तीन वर्षे लागतात त्याचा फैसला एका शनिवारी रात्री करणारा माणूस कितीही प्रामाणिक असला, तरी त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

दैवाचा हा गोंगाट बाजूला सारून कसब मोजायचे म्हटले म्हणजे किती आटापिटा करावा लागतो, याचा उत्तम दाखला पिट्सबर्गचा आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे टुओमस सँडहोम आणि त्यांचा विद्यार्थी नोम ब्राउन यांनी रचलेला लिब्राटस हा संगणकीय खेळाडू जानेवारी 2017 मध्ये तेथील एका कॅसिनोत चार व्यावसायिकांशी, प्रत्येकाशी एकास एक, असे एकूण 1 लाख 20 हजार डाव खेळला. एका खोलीतील व्यावसायिकाला जी पाने मिळत तीच पाने त्याच वेळी दुसऱ्या खोलीत यंत्राला मिळत, म्हणजे चांगल्या पानांचा लाभ एका पक्षाला होऊ नये. आणि एवढी तजवीज केल्यावरच यंत्राच्या सरशीविषयी कोणाला शंका घेता आली नाही. त्याआधी, 2015 साली, याच विद्यापीठाचे आधीचे यंत्र 80 हजार डावांत व्यावसायिकांकडून हरले होते, तेव्हा इतक्या डावांनंतरही हा विजय निर्णायक मानावा की नाही याबद्दल वाद झालाच. ऐंशी हजार डाव अपुरे वाटावेत अशा या खेळात आपण दोनतीनशे डावांच्या एका रात्रीवरून बरोबरीचा दावा कसा करतो?

तिसरी साक्ष ज्ञानाच्या समान वाटपाची. ती तिघींतील सर्वांत बळकट आहे, म्हणून तिला पूर्ण न्याय देणे प्राप्त आहे. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी 1944 सालच्या आपल्या ग्रंथात पोकरचे गणिती विवेचन करून, ब्लफ करणे, म्हणजे हलक्या पानांवर भारी पैज लावून समोरच्याला भुलवणे, ही स्वभावाची लहर नसून शुद्ध गणितातून निघणारी अपरिहार्य चाल आहे, हे दाखवून दिले. आणि 2015 नंतर तर कोणत्याही परिस्थितीत किती प्रमाणात पैज लावावी, किती प्रमाणात पाने टाकावीत, हे सांगणाऱ्या सॉल्व्हर नावाच्या आज्ञावली बाजारात आल्या. व्यावसायिक ज्या आज्ञावलीवर अभ्यास करतो तीच हौशीही घेऊ शकतो, हे निर्विवाद आहे. तथापि एक डाव जवळून पाहा. शेवटचे पान उघडले आहे, पॉटमध्ये, म्हणजे मध्यभागी जमलेल्या रकमेत, 600 डॉलर आहेत, प्रतिस्पर्धी 300 डॉलर लावतो. उतरायचे तर 300 घालून 900 मिळवायचे आहेत, म्हणजे चारांतून एकदा जिंकलो तरी बरोबरी होते. हे गणित कुशल हौशीलाही क्षणार्धात करता येते. पण समोरचा माणूस अशा वेळी शंभरांतून किती वेळा ब्लफ करतो? आकडा 30 असेल तर उतरण्यात सरासरी 60 डॉलरांचा लाभ आहे. 22 असेल तर 36 डॉलरांचे नुकसान. सूत्र दोघांनाही पाठ आहे. त्या सूत्रात भरायचा आकडा हा माणूस गेल्या तीन तासांत कसा खेळला, मघाचा मोठा पॉट गमावल्यापासून त्याच्या पैजांचा आकार कसा बदलला, हरलेले भरून काढण्याची त्याला घाई झाली आहे की नाही, यावरून ठरतो. आणि तो आकडा आठ टक्क्यांनी चुकू न देण्याची शक्ती आज्ञावलीबरोबर विकत मिळत नाही. ती दररोज, थकलेले असताना, हरत असताना, हेच काम केल्याने अंगी बाणते.

शिवाय ज्ञानाची बरोबरी झाली म्हणणारे पक्षकार व्यावसायिकाच्या कामाचा अर्धाच भाग पाहतात. पत्ते हाती येण्यापूर्वीच त्याने निम्मे काम उरकलेले असते. कोणत्या टेबलावर बसायचे, याची त्याने तासभर पाहणी केलेली असते. बेफाम खेळणाऱ्या पाहुण्याच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी होईपर्यंत तो थांबतो, म्हणजे प्रत्येक डावात त्या पाहुण्याची चाल आधी कळून मग स्वतःची करता येते. पाहुणा उठला की टेबलावर उरलेल्या समर्थ मंडळींशी झुंजण्यात भूषण न मानता तोही उठतो. कुशल हौशीला वाटते की आपण व्यावसायिकाशी तोडीस तोड खेळलो. वस्तुतः व्यावसायिक त्याच्याशी फारसा खेळलेलाच नसतो. हौशीने पैज वाढवली की तो बहुधा पाने टाकून देतो, आणि दोघांमधील खरी स्पर्धा तिसऱ्या खुर्चीवरील दुबळ्या खेळाडूचे पैसे कोणाच्या बाजूला अधिक सरकतात, ही असते. हौशी मात्र आठवड्यातील आपली ठरलेली रात्र गाठून येतो, जे टेबल मिळेल तेथे बसतो, आणि घरी जाण्याची वेळ होईपर्यंत, टेबल चांगले असो वा वाईट, उठत नाही. त्याच्या खेळात दोष नसेल. त्याच्या दिनक्रमात आहे.

आता भावात्मक पुरावा. स्टीव्हन लेविट आणि थॉमस माइल्स या अभ्यासकांनी 2010 सालच्या वर्ल्ड सिरीजच्या स्पर्धांचा हिशेब तपासला. ज्यांची गणना आधीपासूनच निष्णात खेळाडूंत होत होती अशांची यादी करून त्यांनी पाहिले, तेव्हा त्या निष्णातांना प्रवेशशुल्कावर सरासरी तीस टक्क्यांहून अधिक परतावा मिळाला होता आणि बाकी सर्वांना सुमारे पंधरा टक्के तोटा झाला होता. 'बाकी सर्वांत' अडाणीही आले, हा आक्षेप रास्त आहे आणि तो मी मान्य करतो. म्हणून दुसरे उदाहरण असे घेतो की ज्यात अडाणी कोणीच नाही. नोव्हेंबर 2020 ते फेब्रुवारी 2021 या काळात डग पोल्क आणि डॅनियल नेग्रानू हे दोघे एकास एक पंचवीस हजार डाव खेळले. नेग्रानू हा वर्ल्ड सिरीजचे अनेक किताब मिळवलेला, जगन्मान्य व्यावसायिक. पण एकास एक खेळ ही पोल्कची खास विद्या. शेवटी पोल्क सुमारे बारा लाख डॉलरांनी पुढे राहिला, म्हणजे दर शंभर डावांमागे बारा मोठ्या ब्लाइंडांच्या (डावाआधी सक्तीने लावायच्या रकमेच्या) आसपास. आयुष्यभर पोकरवर जगलेल्या, या लढतीसाठी कसून तयारी केलेल्या माणसावरही विशेषज्ञाची आघाडी इतकी असू शकते. तर आठवड्यातून एकदा खेळणाऱ्यावर ती शून्यवत आहे, हे कोणत्या आधारावर मानायचे?

परंतु माझ्या प्रतिपादनाचा कणा याहून साधा आहे. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांकडून जिंकतात आणि जुगारघर प्रत्येक पॉटमधून रेक, म्हणजे आपली नाल, कापून घेते. वर घेतलेल्या टेबलावर नऊ माणसे आहेत, तासाला तीस डाव होतात, दर पॉटमधून सरासरी चार डॉलर नाल जाते आणि जिंकणारा रिवाजाप्रमाणे एक डॉलर डीलरला देतो, असे धरा. तासाला दीडशे डॉलर टेबलावरून कायमचे उठले. दर खुर्चीवर सुमारे 16 डॉलर 67 सेंटांचा भार पडला. आता व्यावसायिकाचे कसब नाल जाण्यापूर्वी तासाला 40 डॉलरांचे आणि हौशीचे 20 डॉलरांचे माना. कसबात प्रमाण दोनास एक. पण हातात उरते ते व्यावसायिकाच्या 23 डॉलरांच्या वर आणि हौशीच्या तीन डॉलरांच्या वर. प्रमाण सातास एक! हौशीचे कसब याहून चारच डॉलरांनी कमी असते, तर तो उत्तम खेळूनही कायमच्या तोट्यात गेला असता. घाऊक धान्याच्या पेठेत पोत्यामागे एका रुपयाच्या फरकाने एक पेढी भरभराटते आणि दुसरी बसते, कारण हमाली, भाडे आणि व्याज दोघांनाही सारखेच, तसेच हे. टेबलावर दिसणारा फरक थोडका असतो, हे प्रतिपक्षाचे म्हणणे मी म्हणूनच खोडून काढीत नाही; थोडका फरक थोडकाच परिणाम करतो, हे त्याचे गृहीतक मी खोडून काढतो.

आपल्याकडच्या खेळाडूला तर हा हिशेब आणखी जाचक आहे. पणजीला मांडवीच्या पात्रातील कॅसिनोंत खेळायला जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या हौशीला प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च नालेच्या भरीला सोसावा लागतो. शिवाय आयकराचा कायदा पत्त्यांच्या खेळातील जिंकलेल्या रकमेवर सरसकट तीस टक्के कर आकारतो आणि हरलेल्या रकमेची वजावट देत नाही. वर्षभरात काही रात्री मिळून दहा लाख जिंकले आणि काही रात्री मिळून नऊ लाख घालवले, तर उरलेल्या एका लाखावर नव्हे, जिंकलेल्या दहा लाखांवर तीन लाखांचा कर बसतो. जिंकणारा खेळाडू कायद्याच्या अक्षराप्रमाणे दोन लाखांच्या तोट्यात जातो.

येथे एका गल्लतीचा निर्देश केला पाहिजे, कारण साऱ्या गैरसमजाचे मूळ तिच्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात, ज्या स्पर्धेतील यश बऱ्याच अंशी कसबावर अवलंबून असते तिला जुगार म्हणता येत नाही, असे तत्त्व घालून दिले, आणि पुढे रमी हा प्रामुख्याने कसबाचा खेळ ठरवला. पोकरविषयी मात्र न्यायालयांत एकवाक्यता झाली नाही. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 साली त्याला जुगारच म्हटले, आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरता तर 2025 च्या केंद्रीय कायद्याने कसब आणि दैव हा भेदच निरर्थक ठरवून असे खेळ बंद केले. हा वाद कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, पण तो खेळाच्या जातीविषयी आहे. मधल्या काळात जाहिरातदारांनी 'हा कसबाचा खेळ आहे' या वाक्याला 'म्हणून तुमच्यासारख्या कसबी माणसाला त्यातून मिळेल' असे शेपूट जोडले, आणि सुशिक्षित तरुणांनी ते खरे मानले. खेळ कसबाचा असेल तर त्याचा अर्थ नेमका उलट होतो: ज्याचे कसब टेबलावरील सरासरीपेक्षा नाल भरून उरेल इतके अधिक आहे त्यालाच मिळेल, आणि बाकी सर्वांकडून, त्यांत कुशल माणसेही आली, नियमितपणे जाईल.

कुशल हौशीविषयी माझ्या मनात अनादर नाही. कामाच्या तासांनंतर अभ्यास करून एखाद्या अवघड खेळात प्रावीण्य मिळवणे ही मनाची श्रीमंती आहे, आणि परवडेल इतकी रक्कम मोजून त्या प्रावीण्याचा आनंद घेणाऱ्याला कोणी दूषण देऊ नये. माझा विरोध आहे तो त्या आनंदाला उत्पन्नाचे साधन समजण्याला, आणि दुसऱ्याला तसे समजावून देण्याला. ज्यांना आपण आणि व्यावसायिक यांत अंतर नाही असे वाटते, त्यांनी वाद घालण्याऐवजी एक वही घालावी. तिच्यात प्रत्येक बैठकीची तारीख, तास, नेलेली रक्कम, आणलेली रक्कम, प्रवासखर्च, बक्षिशी आणि देय कर यांची नोंद बिनचूक ठेवावी, आणि हजार तास भरले म्हणजे बेरीज मांडावी. नोंद न ठेवणाऱ्याच्या स्मरणात जिंकलेल्या रात्रीच तेवढ्या राहतात. बरोबरीचा दावा त्यांचा आहे, तेव्हा पुराव्याचा बोजाही त्यांच्याच शिरावर आहे. आणि ती वही पुढे येईपर्यंत कोणीही या दाव्याच्या भरवशावर नोकरीचा राजीनामा लिहू नये.